सतरा सेकंद

मध्य प्रदेशातल्या सिंगरौली जिल्ह्यात विंध्याचल औष्णिक वीज प्रकल्प आहे. क्षमता ४,७६० मेगावॅट. कोळशावर चालणारा देशातला हा सर्वांत मोठा प्रकल्प. एनटीपीसीने तिथे चिमणीच्या धुरातून रोज २० टन कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणारी यंत्रणा उभारली. शेजारी पाणी फोडून हायड्रोजन काढला, दोन्ही वायू उत्प्रेरकावरून नेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की धुरापासून मिथेनॉल तयार झाले. संयंत्राची क्षमता रोज १० टनांची.

बातमी खरी आहे. काम अवघड होते आणि ते करणाऱ्यांचे कौतुक मनापासून करतो. आता पुढचा हिशोब.

कोळशाच्या विजेत दर युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा प्रकल्प चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला अकरा कोटींवर युनिटे वीज आणि लाखभर टन वायू. त्यातले २० टन पकडले, म्हणजे पाच हजारांत एक. दिवसाच्या मापात सांगायचे तर सतरा सेकंद. उरलेले तेवीस तास, एकोणसाठ मिनिटे आणि त्रेचाळीस सेकंद धूर जसा जात होता तसाच जातो.

हे सतरा सेकंद मी त्या अभियंत्यांना हिणवायला मोजलेले नाहीत. पहिला प्रयोग लहानच असतो आणि असायलाच हवा. मी ते मोजले एका वाक्यासाठी. ते वाक्य हल्ली व्यासपीठांवर आणि जाहिरातींत सर्रास ऐकू येते: ‘आता धुराची चिंता कशाला? धुराचेच रसायन करू.’ या वाक्याने कोळशाला आणखी वीस वर्षांची मुदत मागितली जाते. ती देण्याआधी सामान्य वाचकाने तीन सवाल विचारावेत. तिन्ही सवालांना रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, बेरीज-वजाबाकी पुरते.

राख

सवालांआधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ. कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून संपलेला कार्बन. चुलीत लाकूड जळले, त्यातून मिळायची ती धग मिळाली, मागे राख उरली. हा वायू म्हणजे कार्बनची राखच. फक्त ती चुलीत न बसता आभाळात जाते. १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो वायू होतो. वजन वाढते, कारण प्रत्येक कार्बन अणूला ऑक्सिजनचे दोन अणू घट्ट मिठी मारून बसतात.

ती मिठी सोडवणे हेच सगळे काम. आणि निसर्गाचा व्यवहार चोख आहे. जळताना जेवढी ऊर्जा मिळाली, तेवढी परत भरल्याशिवाय राखेचे लाकूड होत नाही. वर व्याज द्यावे लागते, कारण कोणतेही यंत्र शंभर टक्के कार्यक्षम नसते.

‘पण उत्प्रेरक आहे ना!’ असे लगेच म्हटले जाते. उत्प्रेरकाबद्दलचा हा समज दूर व्हायला हवा. कोकणातून देशावर यायचे तर चढ चढावाच लागतो. बोरघाटाची वाट सापडली म्हणून देश खाली येत नाही. सरळ कडा चढण्याऐवजी जाता येईल अशी वाट मिळते, एवढेच. उत्प्रेरक ही ती वाट आहे. तो क्रिया घडवतो, हवी तीच घडवतो, कमी तापमानात घडवतो. पण लागणारी ऊर्जा तो पदरची देत नाही. मिथेनॉलच्या बाबतीत हा चढ आधी हायड्रोजन बनवतानाच चढून झालेला असतो. उत्प्रेरकाने कोळशाचे पाप धुतले जाईल, असे सांगणारा माणूस चढाचा खर्च वाटाड्याच्या नावावर टाकतो आहे.

वाटाड्याचे मोल मात्र मी कमी करणार नाही. मिथेनॉलसाठी वापरतात तो उत्प्रेरक तांबे, झिंक ऑक्साइड आणि अॅल्युमिना यांचा. हरभऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या असतात, पोलादी नळ्यांत भरलेल्या. १९६६ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने तांब्याच्या उत्प्रेरकावर कमी दाबात मिथेनॉल बनवायला सुरुवात केली आणि सगळ्या जगाने तीच पद्धत उचलली. २०० ते ३०० अंश सेल्सियस तापमान, हवेच्या पन्नास ते शंभर पट दाब. पण तो उत्प्रेरक मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड असलेल्या वायूसाठी घडवला होता. शुद्ध कार्बन डायऑक्साइड दिला की मिथेनॉलच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू तयार होतो. त्या वाफेने तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, पृष्ठभाग घटतो, गोळ्या लवकर म्हाताऱ्या होतात. धुरातला गंधक अगदी अंशमात्र जरी आत शिरला तरी तांबे निकामी होते. आणि एका फेरीत थोडाच वायू मिथेनॉल होतो. बाकीचा परत-परत फिरवावा लागतो.

विजेच्या साहाय्याने थेट पाण्यातच ही क्रिया घडवायची दुसरी वाटही आहे, आणि ती मला फार सुंदर वाटते. तिथे धातू बदलला की पदार्थ बदलतो. चांदीच्या विद्युताग्रावर कार्बन मोनॉक्साइड मिळतो, कथिलावर फॉर्मिक आम्ल, आणि तांब्यावर मिथेन आणि एथिलीन. तांब्याचा हा गुण जपानच्या योशिओ होरी यांनी १९८५ च्या सुमारास दाखवला. कार्बनला कार्बन जोडण्याचे हे कसब असे दुसऱ्या कोणत्याही साध्या धातूत नाही. चाळीस वर्षे होत आली. जगभरच्या प्रयोगशाळा अजून तांब्याला एकच प्रश्न विचारताहेत: तू दहा पदार्थांची खिचडी न करता एकच पदार्थ दे.

आपल्याकडेही हे काम चालू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर कित्येक दशके संशोधन होते आहे. मिथेनॉलपासून डायमिथिल ईथर हे गॅससारखे इंधन बनवणारे लहान संयंत्र तिथेच उभे राहिले. २०२२ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने कार्बन पकडणे आणि वापरणे यासाठी दोन राष्ट्रीय केंद्रे जाहीर केली: एक पवईच्या आयआयटीत, दुसरे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्रात. तिथे रात्री जागणाऱ्या मुलामुलींचे श्रम कुणा कोळसा प्रकल्पाची ढाल म्हणून वापरले जाऊ नयेत. म्हणूनच हे तीन सवाल.

पहिला सवाल: हायड्रोजन कुठला?

एक टन मिथेनॉलला सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. वजनात हायड्रोजन किरकोळ दिसतो. खर्चात तोच मालक आहे.

पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. १९० किलोला झाली साधारण दहा हजार युनिटे. आता ही वीज आपल्या देशाच्या ग्रिडमधून घेतली, तर दर युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला आहे. म्हणजे १.४ टन वायू वापरण्यासाठी ७ टन वायू सोडला. एक रुपया वाचवायला पाच रुपयांचे रिक्षाभाडे.

नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन घेतला तर? एका किलोमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १९० किलोला जवळपास १.८ टन. तरीही घाटाच. आज जगात बनणारा बहुतेक हायड्रोजन असाच, वायू आणि कोळशापासून बनतो.

राहिली सौर किंवा पवनवीज. तीच योग्य. पण तिथेही एक उपप्रश्न आहे आणि तो टाळू नये. हीच दहा हजार युनिटे सौर वीज थेट ग्रिडला दिली आणि तेवढा कोळसा जाळायचा थांबवला, तर नऊ-साडेनऊ टन वायू मुळात तयारच होत नाही. मिथेनॉलमध्ये घातली तर १.४ टन वापरला जातो. शेजारी कोळशाची भट्टी धगधगत असताना सौर विजेने धुराचे मिथेनॉल करणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. पाणी पुसले जाते, यात शंका नाही. नळ बंद करायला मात्र कुणी उठत नाही.

आणि हे मिथेनॉल पुन्हा इंजिनात जाळले तर? दहा हजार युनिटे घालून तयार झालेल्या टनभर मिथेनॉलमध्ये साडेपाच हजार युनिटांची उष्णता असते. इंजिन त्यातली फार तर चाळीस टक्के चाकांपर्यंत पोचवते. दहा हजारांतले दोन हजार उरले. जिथे बॅटरी चालते तिथे, म्हणजे दुचाकीत, रिक्षात, एसटीत, हे इंधन घालणे ही उधळपट्टी आहे. जिथे बॅटरी चालत नाही, म्हणजे महासागर ओलांडणाऱ्या जहाजांत आणि रसायनांच्या कारखान्यांत, तिथे ते शोभते.

ज्यांनी हे नीट केले त्यांनी जागा कशी निवडली ते पाहा. आइसलँडमध्ये ग्रिंडाविकजवळ स्वार्तसेंगीला २०१२ मध्ये मिथेनॉल संयंत्र सुरू झाले; पुढे त्याची क्षमता वर्षाला ४,००० टनांवर गेली. त्याला नाव दिले जॉर्ज ओला यांचे. १९९४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे, मिथेनॉलवर अर्थव्यवस्था उभी करता येईल असा आग्रह आयुष्यभर धरणारे शास्त्रज्ञ. तिथे जमिनीच्या पोटातल्या वाफेवर वीज होते आणि त्याच वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइडही वर येतो. डेन्मार्कमध्ये कासो येथे २०२५ मध्ये वर्षाला ४२,००० टनांचे संयंत्र सुरू झाले. वीज शेजारच्या सौर पटलांची, कार्बन बायोगॅस संयंत्रातला, आणि गिऱ्हाईक मर्स्कची जहाजे. दोन्ही ठिकाणी आधी स्वच्छ वीज पाहिली, मग कार्बन शोधला. आपण आधी चिमणी पाहतो आणि मग वीज शोधतो. सगळी चूक या क्रमात आहे.

दुसरा सवाल: कार्बन मुक्कामाला किती दिवस?

‘कार्बन वापरला’ असे ऐकले की विचारा, किती दिवस?

शीतपेयात घातला तर बाटली उघडेपर्यंत.

युरियात घातला तर पीक उभे असतानाच परत. हा जगातला कार्बन डायऑक्साइडचा सर्वांत मोठा औद्योगिक वापर. एका टन युरियाला सुमारे ७३० किलो वायू लागतो. अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना हेच करतो, आणि गेली शंभर वर्षे जग हेच करते आहे. तो वायू अमोनिया बनवतानाच नैसर्गिक वायूतून निघालेला असतो. शेतात युरिया पडला, मातीतल्या जंतूंच्या विकराने तो फोडला, की काही दिवसांत कार्बन परत हवेत. युरियाने भूक भागवली, हे त्याचे थोर काम. पण कुणी त्याला हवामानाच्या खात्यावर जमा धरू नये.

सोडा अॅशमध्ये घातला तर? तमिळनाडूत तुतिकोरिनला एका रसायन कारखान्याने कोळशाच्या बॉयलरमधला वायू पकडून सोडा अॅश बनवायला घेतली. पकडण्याचे तंत्र आयआयटी खरगपूरमध्ये शिकलेल्या दोन तरुणांनी सुरू केलेल्या कार्बन क्लीन या कंपनीचे. हुशारीचे काम आहे. पण हीच सोडा अॅश काचेच्या भट्टीत गेली की वाळूबरोबर वितळताना पकडलेला वायू पुन्हा मोकळा. त्याची सुटका फक्त लांबणीवर पडली.

गादीत घातला तर दहा-वीस वर्षे. जर्मनीत डोर्मागेनला कोव्हेस्ट्रो कंपनी २०१६ पासून फोमचा कच्चा माल बनवते. त्यात वीस टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड असतो. काँक्रीटमध्ये चुनखडी होऊन बसला तर शतके.

या यादीत एक खोल गोष्ट दडली आहे आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. कार्बन डायऑक्साइड वापरायचे दोन मार्ग आहेत. एक, त्याचे ऑक्सिजन ओरबाडून काढायचे; मिथेनॉल, मिथेन, एथिलीन हा तो मार्ग. याला हायड्रोजन आणि डोंगराएवढी वीज लागते. दुसरा, त्याला अख्खाच्या अख्खा दुसऱ्या रेणूत बसवायचा. मग चढच फारसा उरत नाही. हर्मान कोल्बे यांनी एकोणिसाव्या शतकात फिनॉलच्या सोडियम क्षारावर दाबाखाली हा वायू सोडून सॅलिसिलिक आम्ल बनवले. आजही ते जवळपास तसेच बनते आणि त्यापासून अॅस्पिरिन होते. हृदयविकाराच्या रुग्णाच्या उशाशी असलेल्या त्या गोळीतल्या अॅस्पिरिनच्या प्रत्येक रेणूत कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू अख्खा बसलेला आहे. पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकही या मार्गाने करता येते, आणि मग त्यात फॉस्जीन हा जीवघेणा वायू वापरावा लागत नाही.

हा मार्ग कमी विजेचा, जास्त मुक्कामाचा आणि कामगारांसाठी कमी धोक्याचा. तरीही व्यासपीठावरून इंधनाचीच घोषणा होते, कारण इंधनाचा आकडा मोठा वाटतो. तारापूर, रोहा, लोटे, कुरकुंभ इथे रसायनांचे कारखाने चालवणाऱ्यांनी या दुसऱ्या मार्गाकडे बघावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. उद्याचा धंदा तिथे आहे. आकडा लहान असेल, पण टिकेल.

आकड्याचेच म्हणाल तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने जग वर्षाला सुमारे २३ कोटी टन कार्बन डायऑक्साइड वापरते. त्यातला निम्म्याहून जास्त युरियात आणि उरलेल्यातला मोठा भाग जमिनीतले जास्त तेल वर ढकलण्यात. आणि जगाचे कोळसा-तेल-वायूचे उत्सर्जन? वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या घरात. शंभर रुपयांत साठ पैसे. सगळ्या जगाची रसायने उद्या धुरापासून केली, तरी धूर संपणार नाही. धुराला पुरेल एवढी गिऱ्हाइके पृथ्वीवर नाहीत.

तिसरा सवाल: हिशोब कुणाच्या वहीत?

वीज प्रकल्प म्हणतो, मी २० टन पकडले, माझे उत्सर्जन तेवढे घटले. मिथेनॉल घेणारी जहाज कंपनी म्हणते, मी हरित इंधन जाळले, माझे उत्सर्जन शून्य. दोन्ही वह्या वेगवेगळ्या उघडल्या तर दोन्ही सुबक दिसतात. शेजारी ठेवल्या की कळते, एकाच गायीचे दूध दोन डेअऱ्यांत घातले आहे.

खाणीतून निघालेला कार्बन एकदा भट्टीत आणि एकदा जहाजात, असा दोनदा कामाला आला. शेवटी गेला हवेतच. यात फार तर निम्मी बचत आहे, तीही हायड्रोजन पूर्ण स्वच्छ असेल तर. ती निम्मी बचत खरी आहे, ती कुणी नाकारू नये. पण ती एकदाच मोजावी आणि एकाच्याच नावावर मोजावी. सरकारने हरित हायड्रोजन कशाला म्हणायचे याची व्याख्या २०२३ मध्ये केली: एका किलोमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको. चांगले केले. पकडलेल्या कार्बनसाठीही तितकीच स्पष्ट व्याख्या हवी: कुठून आला, कुठे गेला, कधी परत येणार. तीन रकाने. ते भरता येत नसतील तर ‘हरित’ हा शब्द पाटीवर लावू नये.

टाकीवरचा कंदील

आता महाराष्ट्राकडे येतो, कारण इथे आपल्या हातात एक गोष्ट आहे आणि आपण ती रोज वाऱ्यावर सोडतो.

माझे वडील साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होते. लहानपणी त्यांच्याबरोबर गेलो की मळी आंबवायच्या मोठाल्या टाक्यांजवळ ते मला उभे राहू देत नसत. टाकी धुवायला माणूस उतरवण्याआधी त्या काळी आत कंदील सोडत. कंदील विझला की खाली कर्बवायू साचलेला आहे, उतरायचे नाही. आता त्यासाठी मोजणारी उपकरणे आहेत, आणि तीच वापरायला हवीत, कारण ज्योत विझण्याआधीच माणूस बेशुद्ध पडू शकतो. पण तो दोरीवर खाली जाणारा आणि एकाएकी अंधारणारा कंदील माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्यासाठी कार्बन डायऑक्साइड म्हणजे ती टाकी.

यीस्ट साखर खाते, इथेनॉल देते आणि जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड देते. एका लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. रोज एक लाख लिटरची डिस्टिलरी दिवसाला ७५ टन वायू टाकीतून सोडते. विंध्याचलची यंत्रणा रोज पकडते त्याच्या जवळपास चौपट. आणि कसा? कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड शेकडा १२ ते १५. बाकी मुख्यतः नायट्रोजन, शिवाय गंधक आणि राख. तो वेगळा काढायला द्रावण लागते, ते तापवायला वाफ लागते. आंबवण्याच्या टाकीतून येतो तो जवळपास शुद्ध. धुऊन, वाळवून, दाबून घ्यायचा. उत्प्रेरकाला विषारी ठरणारा गंधकही तिथे अगदी थोडा, सहज काढता येण्याजोगा.

त्याहून मोठी गोष्ट: तो कार्बन खाणीतला नाही. वर्ष-दीड वर्षापूर्वी उसाच्या पानाने तो हवेतूनच घेतला होता. तो परत हवेत गेला तर खाते फिरून शून्यावर येते. गादीत किंवा प्लॅस्टिकमध्ये अडकला तर हवेतून खरोखर वजा होतो. खाणीतल्या कार्बनला हे भाग्य कधीच नाही.

काही डिस्टिलऱ्या हा वायू गोळा करून शीतपेयांना आणि कोरड्या बर्फासाठी विकतात. पण पुष्कळसा अजून छपरावरून निघून जातो.

मग याचे मिथेनॉल करू या? हिशोब मी आधीच्यासारखाच कडक लावतो. ७५ टनांपासून रोज ५५ टन मिथेनॉल होईल. त्याला दहा टन हायड्रोजन, म्हणजे साडेपाच लाख युनिट वीज. सौर पटले लावायची तर १२० मेगावॅटची, जमीन पाचशे एकरांच्या आसपास. एका कारखान्याला हे झेपणारे नाही, आणि बागायती जमीन तर याला देऊच नये. म्हणून पहिली पायरी मिथेनॉलची नसावी. पहिली पायरी वायू गोळा करण्याची. दुसरी, त्याला अख्खा वापरणाऱ्या रसायनांची. आणि तिसरी, जिथे माळरान आहे आणि दुपारची सौर वीज खपत नाही, तिथे दोन-चार कारखान्यांनी मिळून मिथेनॉलची. आपला देश बहुतेक मिथेनॉल बाहेरून आणतो. प्लायवूडच्या डिंकापासून औषधांपर्यंत ते लागते. गिऱ्हाईक दारात उभे आहे.

आपले कित्येक साखर कारखाने सहकारी आहेत. सभासद शेतकऱ्याने वार्षिक सभेत उभे राहून विचारावे: आमच्या उसातला कार्बन छपरावरून का जातो? हा प्रश्न विचारायचा त्याला हक्क आहे. ऊस त्याचा आहे.

मग चिमण्यांचे काय?

कोळशाच्या चिमणीला उत्प्रेरकाचा इलाज नाही. तिचा इलाज एकच: तिची वीज दुसरीकडून आणणे आणि ती टप्प्याटप्प्याने थंड करणे. चंद्रपूरच्या माणसाला धुराचे मिथेनॉल नको आहे. त्याला धूर नको आहे. कोळशाच्या धुराबरोबर राख, गंधक, पारा हेही येतात, आणि पाच हजारांतला एक टन पकडून त्याच्या छातीतली खरखर कमी होत नाही.

सिमेंटचे वेगळे आहे, आणि इथे न्याय करायला हवा. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या उत्सर्जनात हा वाटा सुमारे साठ टक्के. भट्टी सूर्यावर तापवली तरी तो सुटणारच. तिथे पकडण्याला खरा पर्याय नाही. पकडण्याच्या तंत्रावर जनतेचा पैसा लावायचा असेल तर तो आधी तिथे लावावा. जिथे दुसरी वाट आहे तिथे तो उधळू नये.

आणि प्रयोगशाळांना पैसा द्यावा, भरपूर आणि सलग. वाफेत न थकणारे तांबे, गंधकाला न भिणाऱ्या गोळ्या, खिचडी न करणारे विद्युताग्र ही दहा-वीस वर्षांची कामे आहेत. विमाने, जहाजे, औषधे, प्लॅस्टिक यांना कार्बन उद्याही लागेल. तो खाणीतून न आणता फिरता ठेवायचा असेल तर ही विद्या आपल्याकडे असायलाच हवी. मी या विद्येच्या बाजूने बोलतो आहे. तिच्या नावाने खोटी मुदत मागणाऱ्यांच्या विरुद्ध बोलतो आहे.

पुढच्या वेळी धुरापासून काही तयार झाल्याची बातमी आली की तीन सवाल दोरीला बांधून खाली सोडा. हायड्रोजन कुठला? कार्बन किती दिवस? हिशोब कुणाच्या वहीत? कंदील जळत राहिला तर खुशाल उतरा, मीही तुमच्याबरोबर येतो. विझला, तर सांगणारा कितीही मोठा असो, पाय टाकू नका.